तुम्ही रडला नव्हतात, आप्पा

आप्पा, येत्या रविवारी मंडळात तुमची शोकसभा आहे. वसंतकाका उभे राहणार, चष्मा पुसणार आणि सांगणार, की त्या शिबिरात बोलता बोलता तुमचा कंठ दाटून आला, तुम्हाला पुढे बोलवेना, आणि अख्ख्या हॉलच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी खुशाल सांगावं, माणूस चांगला आहे. पण त्यांच्यानंतर मी उभी राहणार आहे आणि खरं काय झालं ते सांगणार आहे. तुम्ही मला गप्प बसायला सांगितलं होतं. बसले की इतकी वर्षं. आता नाही बसणार.

तुम्ही गेल्यापासून दारावर येणारा जो तो हीच गोष्ट सांगतोय. ज्याला तुमच्याबद्दल दुसरं काही ठाऊक नाही त्यालाही ही ठाऊक आहे. परवा एक गृहस्थ आले, मी त्यांना आधी कधी पाहिलंही नव्हतं. बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, फार हळवा माणूस हो. हळवा. तुम्ही. ज्यांनी मागाचा धोटा उडून कपाळाला लागला तेव्हा हळद दाबून पाळी पुरी केली, ते तुम्ही. मला त्या गृहस्थांच्या हातातला पेला काढून घ्यावासा वाटला. माय कोपऱ्यात बसली होती, तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं, म्हणून मी हात आवरला.

सुरतेत प्लेग यायच्या आदल्या हिवाळ्यातली गोष्ट. मंडळाने रविवारी एक दिवसाचं लेखन शिबिर ठेवलं होतं, नाशिकहून कोणी सर येणार होते. आपल्या मराठी माणसांचं मंडळ ते, गणपती बसवणार, हळदीकुंकू करणार, आणि एकदम हे लेखन शिबिर कुठून निघालं कुणास ठाऊक. वसंतकाका मंडळाचे सेक्रेटरी, पर्वत पाटिया भागात त्यांचं तयार कपड्यांचं दुकान. त्यांनी दुकानाच्या काचेवर कागद चिकटवला होता. तुम्ही तो वाचलात आणि घरी येऊन म्हणालात, मी नाव दिलंय. मला वाटलं, जेवणाच्या सोयीसाठी नाव दिलंय.

चौथी शिकलेला माणूस तुम्ही. घरात लिहिण्याचं काम असलं तर ते माझ्याकडे यायचं, त्याआधी गल्लीतल्या मास्तरांकडे जायचं. तुम्हाला सही करायची वेळ आली की हात पुसून घ्यायचात, देवाला फूल वाहिल्यासारखी सही करायचात. आणि निघालात लेखन शिबिराला.

अडचण एकच होती. तुमची सुट्टी शुक्रवारची. ज्यांनी सुरत पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते, इथे मागांची खाती, म्हणजे मागांचे कारखाने, सगळी एकाच दिवशी बंद नसतात. भागाभागाला विजेची सुट्टी वेगळी. आपल्या शेठच्या खात्याला शुक्रवार. रविवारी तर माग धडधडत असतात. रविवार हवा असेल तर तुमचे माग कोणीतरी चालवायला हवेत. मग रघूभाऊंना तुम्ही गळ घातली. ते रात्रपाळी संपवून तुमच्या जागी उभे राहिले, आणि बदल्यात त्यांच्या वाट्याची शुक्रवारची साफसफाई आणि तेलपाणी तुमच्या गळ्यात आलं. म्हणजे एका रविवारपायी तुम्ही तुमचा शुक्रवार घालवलात.

तोही कुठला शुक्रवार, तर ज्या दिवशी बारडोलीला मावशीच्या नातवाचं जावळ होतं. मायच्या सख्ख्या बहिणीच्या घरचं पहिलं कार्य. मायने लुगडं काढून ठेवलं होतं, टोपरं शिवलं होतं. तुम्ही सांगितलंत, तू जा, मला खात्यावर जावं लागेल. माय दोन्ही हात कमरेवर ठेवून तुमच्यासमोर उभी राहिली आणि काय काय बोलली, ते इथे लिहिता येणार नाही. ती एकटी गेली आणि एकटी आली. पुढे कितीतरी वर्षं, तुम्ही जरा भिंतीला टेकून बसलात की ती पुढ्यात येऊन विचारायची, “काय, शिबिर चालू शे का?” तुम्ही हसायचात. ती हसायची नाही.

मला सोबत नेलंत, कारण तुम्हाला एकट्याला लाज वाटत होती. मी कॉलेजात होते, मला वाटलं, चला, गंमत बघू.

तो हॉल मला अजून तसाच दिसतो. खाली दुकानं, वर हॉल, आणि बाजूच्या भिंतीला लागून मागांची खाती. भिंतीवर हात ठेवला की हाताला मुंग्या येतील एवढी धडधड. पण आपण पोचलो आणि तासाभरात लाइट गेली. माग थांबले, पंखे थांबले. सर म्हणाले, बरं झालं, आता आपण एकमेकांचं ऐकू. बायका पुढे एका बाजूला, सरांच्या जवळ भिंतीला टेकून बसलेल्या. मी त्यांच्यात. पुरुष समोर सतरंजीवर, आणि तुम्ही त्यांच्यात अगदी पहिल्या रांगेत जाऊन बसलात. मला वाटलं होतं, मागे लपून बसाल.

सरांनी विषय दिला, सुट्टीचा दिवस. लोकांनी काय काय लिहिलं. कोणी उकईच्या धरणाची सहल लिहिली, कोणी आजोळ लिहिलं. तुम्ही खाली मान घालून लिहीत होतात आणि जिभेचं टोक ओठांतून बाहेर आलेलं. मग एकेक जण आपापल्या जागी उभं राहून वाचायला लागला. तुमची वेळ आली तसे तुम्ही उठलात, टोपी सारखी केलीत आणि सुरू केलंत. देवा रे. खालच्या दुकानातला नोकर जिना चढून बघायला आला, वर काय भांडण लागलंय म्हणून. सर हात जोडून म्हणाले, काका, जरा हळू वाचलंत तरी चालेल. तुम्ही गंभीरपणे म्हणालात, “हळूच वाची ऱ्हायनू ना.” अख्खा हॉल हसला. तुम्हीही हसलात आणि तेवढ्याच मोठ्याने पुढे वाचलंत.

चांगलं लिहिलं होतंत, आप्पा. मी तेव्हा म्हटलं नव्हतं, आता म्हणते. शुक्रवारी सकाळी उठलो तरी माग कानात चालूच असतो, दुपारी जेवणानंतर कुठे थांबतो. मग केसातला कापूस निघेपर्यंत अंघोळ. मग बाजार, मग घरच्यांबरोबर बसणं. एवढंच होतं. शेवटी तुम्ही लिहिलं होतं, की सुट्टीच्या दिवशी मी कुठेही जात नाही, घरातल्या माणसांची तोंडं बघत बसतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही खाली बसायला लागलात, तर सरांनी हात करून थांबवलं.

ते म्हणाले, “काका, सुट्टीचा दिवस तुम्हाला एवढा प्यारा, आणि तो सोडून तुम्ही इथे का आलात? ते लिहिलं नाहीत. कागद ठेवा खाली. नुसतं सांगा.”

तुम्ही कागद घडी करून खिशात ठेवलात. तोंड उघडलंत. आणि त्याच क्षणी लाइट आली.

भिंतीपलीकडे एकदम सगळे माग सुरू झाले. पंखे फिरायला लागले. मागांची सवय नसलेले सगळे लोक ओरडून बोलायला लागले, मागे ऐकू येत नाही, खिडक्या लावा. आणि तुम्ही काय केलंत? आयुष्यभर जे केलंत तेच. मागाचा आवाज सुरू झाला की तुमचा आवाज बंद. खात्यात कुठलाच कारीगर ओरडून बोलत नाही, ओरडून उपयोगच नाही. ओठ हलवायचे, हात हलवायचे, समोरचा वाचतो. स्वतःचा आवाज तिथे स्वतःलाही ऐकू येत नाही, मग तो निघतोय की नाही याचा पत्ता कुणाला असणार? तुम्ही उभे होतात, ताठ, सरांकडे बघत, आणि सावकाश, एकेक शब्द ओठांनी नीट बोलत होतात. आवाज एक कण नाही. तुम्हाला वाटत होतं, तुम्ही बोलताय.

तुमच्या मागे बसलेल्यांना तुमची पाठ दिसत होती. त्यांत दोघे-तिघे मागावरचे होते, त्यांनी वाचलं असतं, पण पाठ कशी वाचणार? सरांना ओठ हलताना दिसत होते आणि आवाज येत नव्हता. त्यांना वाटलं, गळा दाटला. बाजूच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. सर उठले, तुमच्या खांद्यावर हात ठेवला, तुम्हाला हळूच खाली बसवलं. आणि टाळ्या. तोवर तुमचं बोलून झालं होतं. तुम्ही शेवटचा शब्द बोलून ओठ मिटले, मगच सरांचा हात खांद्यावर पडला. हे मी शपथेवर सांगेन. तुम्ही अर्ध्यावर थांबला नव्हतात.

मी सगळं वाचलं. मला ते लहानपणापासून येतं. तुमचा डबा घेऊन खात्यावर यायची मी, दाराशी उभी राहायची, आणि तुम्ही आतून चार माग पलीकडून विचारायचात, भाजी कसली आहे. शेठ आला हे सांगायला तुम्ही लोक पोटावरून हात फिरवायचात, तेही मला शाळेआधी यायला लागलं होतं. घरी पाहुणे बसलेले असले की आपण दोघं त्यांच्या डोक्यावरून बोलायचो. मला बघायला ते शहाद्याचे लोक आले होते, मुलगा मिनिटभर तोंड मिटत नव्हता, आणि तुम्ही त्याच्या मागे उभं राहून ओठांनी मला विचारलंत, याला बंद करायचं बटण कुठे आहे. मी चहाच्या ट्रेसकट हसले. ते स्थळ तिथेच संपलं. माय महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही आणि तुम्ही साळसूदपणे विचारत होतात, पोरगी हसली कशाला.

तर हॉलमधून निघालो. तुम्ही हवेत होतात. रस्त्याने म्हणालात, बघितलंस, सगळे कसे गप्प झाले? सर उठून आले! पाटियाच्या कोपऱ्यावर चहाच्या लारीपाशी, म्हणजे हातगाडीपाशी, थांबलो, तेव्हा मात्र मला राहवेना. मी तुमच्यासमोर उभी राहून सांगितलं, आप्पा, लाइट आल्यावर तुमचा आवाज निघालाच नाही. त्यांना वाटलं तुम्ही रडताय.

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मग हसायला लागलात. चहा अंगावर सांडला, तरी हसत होतात. लारीवालाही हसायला लागला, त्याला काहीच कळलेलं नसताना. मग तुम्ही डोळे पुसले आणि विचारलंत, “तुले दिसनं ना?”

मी म्हटलं, दिसलं.

“मंग जयं,” तुम्ही म्हणालात, झालं तर मग.

तिथून आपलं भांडण सुरू झालं, ते शेवटपर्यंत मिटलं नाही. माझं म्हणणं, वसंतकाकांकडे जा, खरं काय ते सांगा. सरांना मी पत्र टाकते. लोक तुम्हाला रडका समजतायत. तुमचं म्हणणं, समजू दे, माझं काय जातं. जे सांगायचं होतं ते पोचलं. आणि मग तुम्ही आवाज खाली आणून, खरंच खाली आणून, मला बजावलंत की मी जे वाचलं ते कुणाला सांगायचं नाही. शेठपर्यंत जाईल. आणि तुझ्या मायला तर मुळीच नाही. मी पुढे जेव्हा जेव्हा हा विषय काढला तेव्हा तेव्हा तुम्ही हाताने ती खूण केलीत, खात्यातली, मागावरचा ताण्याचा बीम संपू दे मग बघू. बीम संपला, आप्पा. आता मी बघते.

तुम्ही काय बोलला होतात ते आता इथे लिहिते. बोललात अहिराणीत, पण सभेत सगळ्यांना कळायला हवं म्हणून मी साध्या मराठीत मांडते. शेवटचं तेवढं तुमचंच ठेवते.

तुम्ही म्हणालात, सर, माझा उजवा कान गेलाय. डावा जायच्या वाटेवर आहे. हे कुणाला माहीत नाही. मी लोकांची तोंडं बघून उत्तरं देतो, अजून कुणाला कळलेलं नाही. पण तोंड समोर असेल तरच हे चालतं. माझी एक पोरगी आहे, ती शिकतेय. उद्या ती तिच्या घरी जाईल, दुसऱ्या गावाला. मग तिचं तोंड माझ्यासमोर नसेल. तिची पत्रं येतील. त्यांची उत्तरं मी दुसऱ्याकडून कशी लिहून घेऊ? बाप-लेकीचं बोलणं मधे तिसऱ्याच्या हातात कसं देऊ? ती शिकलेली आहे, मोठं मोठं लिहील. म्हणून मी शिकायला आलोय. “तव्हय मी तिले कमी पडाले नको.”

एवढं बोलून तुम्ही ओठ मिटलेत. मी भिंतीला टेकून बसले होते आणि भिंत हलत होती, मागांनी. बाजूच्या बाई मला म्हणाल्या, रडू नको, तुझे वडील भावनाप्रधान आहेत.

कान जाणं ही आपल्या लोकांत काही नवलाची गोष्ट नव्हे, मागावर उभं राहणाऱ्या प्रत्येकाचं थोडंफार जातंच. पण तुमचं थोडंफार नव्हतं. तार तुटली, धोटा अडकला, तर कारीगराला आधी कान सांगतो. शेठला कळलं असतं तर त्याने तुम्हाला मागावरून काढून कांड्या भरायला बसवलं असतं. म्हणून तुम्ही मागाच्या चौकटीवर तळहात ठेवून चालायचात. लोकांना वाटायचं, मागांवर जीव आहे यांचा. मला त्या रविवारनंतर कळलं की तुम्ही हाताने ऐकताय. तेव्हापासून मी तुमच्या पाठीमागून एक शब्द बोलले नाही.

आणि मग दुसरं भांडण. ते पहिल्याहून मोठं. मला धुळ्याला शाळेत नोकरी मिळत होती, चांगली, कायमची. मी नाही म्हटलं. मी इथेच मराठी शाळेत लागले, डिंडोलीतल्या घरातून चालत जाण्याजोगी. लोकांना सांगितलं, मायला एकटं वाटेल. खरं कारण तुम्हाला माहीत होतं. मला तुमच्या समोर राहायचं होतं. तोंड समोर असेल तरच चालतं, असं तुम्हीच म्हणाला होतात ना? मग मी माझं तोंड समोर ठेवलं. तुम्ही मात्र चिडलात. तुम्हाला इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, तू जा, तुझं आयुष्य कर, आणि तिथून मला पत्र लिही. मी म्हटलं, समोर बसून बोलू की, पत्र कशाला? तेव्हा तुम्ही म्हणालात, “मंग मी शिकनू कशाले?”

तुम्ही खरोखर शिकलात. प्रत्येक शुक्रवारी दुपारी, कानातला माग थांबला की, कापडाच्या ताग्यांतून निघालेल्या पुठ्ठ्यांवर तुम्ही लिहायला बसायचात. भाजीत मीठ जास्त, असं लिहून माझ्यापुढे सरकवायचात. मी खाली लिहायची, मायला सांगा हिंमत असेल तर. तेवढंच. मोठं असं आपण काहीच लिहिलं नाही एकमेकांना. तुम्ही पत्राची वाट बघत होतात आणि मी समोरून हलत नव्हते. आपण दोघंही हट्टी. मी गेले असते तर तुमची पत्रं माझ्याकडे असती. मी गेले नाही, म्हणून रोजचं तुमचं तोंड माझ्याकडे आहे. यातलं काय जास्त, हे भांडण मी हरायला तयार नाही, आणि तुम्हीही हरला नसतात. मला आज त्याचं दुःख होतं आणि राग पण येतो, आणि तुम्ही माझ्याशी एवढं भांडलात याचा आनंदही होतो. कोणता बाप लेकीच्या पत्रासाठी भांडतो?

रविवारी उभं राहायचं ठरवलं, तेव्हा एक गोष्ट मात्र आधी करायला हवी होती. माय सभेला येणार. तिला तिथे, चारचौघांत, पहिल्यांदा कळावं, हे मला पटेना. ती आयुष्यभर समजत होती की हा माणूस लेखक व्हायच्या हौसेपायी जावळाला आला नाही. आणि तुमचा कान गेला होता, हे तिला माहीतच नाही, असं तुम्ही समजत होतात. मीही समजत होते.

काल दुपारी ती डाळ निवडत बसली होती. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. लाइट, माग, ओठ, उजवा कान, डावा कान. ती खडे वेचत राहिली. मला वाटलं, तिला धक्का बसला. मग ती म्हणाली, “कानन्ं माले माहीत व्हतं.”

मी विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, तुझ्या जन्माआधीपासून माहीत होतं. तिने मला विचारलं, “मी त्यासले कधी मागतून हाक मारी का?”

खरंच की, आप्पा. गल्लीतल्या सगळ्या बायका आतून हाक मारतात, अहो, ऐकलं का. भाकरी थापता थापता, नळावरून, मोरीतून. मायने कधी मारली? एवढ्याशा गोष्टीला ती उठायची, हात पुसायची, बाहेर येऊन तुमच्या पुढ्यात उभी राहायची आणि मग बोलायची. मीठ संपलंय हे सांगायलाही. शेजारणी चेष्टा करायच्या, हिला नवऱ्याचं तोंड बघितल्याशिवाय बोलता येत नाही. भांडतानाही समोर उभी राहून भांडायची, कमरेवर हात ठेवून. मला वाटायचं, हा तिचा तोरा. तुम्हाला वाटायचं, आपण तिच्यापासून लपवलंय. आणि ती तुमच्यासाठी, एक अक्षर न बोलता, आयुष्यभर उठत बसत राहिली.

तुम्ही का गेलात शिबिराला, ते मात्र तिला नव्हतं माहीत. ते सांगितलं तेव्हा तिचा हात थांबला. पदराचं टोक तोंडाशी गेलं. मग म्हणाली, “मंग जावळले नही उनात ते बरं जयं.” एवढ्या वर्षांचा राग तिने सुपातल्या खड्याबरोबर उचलून बाहेर टाकला. मग मला म्हणाली, सांग सभेत. सगळं सांग. आता शेठ काय करणार आहे?

तर हे असं आहे. मघाशी वसंतकाका येऊन गेले. त्यांना मी सांगितलं, मी बोलणार आहे. ते म्हणाले, बोल की दोन शब्द. मी म्हटलं, काका, दोन नाही, जास्त आहेत. तुम्ही मला शेवटी घ्या आणि वेळ ठेवा. ते जरा बावरले, पण हो म्हणाले. हॉल तोच आहे. रविवारी तिथले माग चालू असतात, हे मी विचारून घेतलं. लाइट गेली नाही तर मला सगळं त्या धडधडीवर बोलावं लागेल. बोलेन. शाळेत साठ पोरं सांभाळते मी, माझा घसा तयार आहे. तुमच्या बाबतीत दुसऱ्यांदा कोणी म्हणणार नाही, की ऐकू आलं नाही.

आणि हो, हे पत्रच आहे, आप्पा. तुम्हाला हवं होतं ते. मोठं मोठं लिहीन असं तुम्ही म्हणाला होतात, तेवढं मोठं जमलं की नाही कुणास ठाऊक. मी दुसऱ्या गावाला गेले नाही, तुम्हीच गेलात. उत्तर नका लिहू. तुम्ही मला कधीच कमी पडला नाहीत, हे सांगायचं राहिलं होतं, ते लिहिलं.

आत्ता थोड्या वेळापूर्वी मी हे सगळं मोठ्याने वाचून बघत होते, रविवारची तयारी म्हणून. माय आत स्वयंपाक करत होती. मला वाटलं, तिचं लक्ष नाही. भाकरीचा आवाज थांबला. ती उठली, पिठाचे हात पदराला पुसले, बाहेर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

“वाचशी तव्हय कागदमा तोंड घालू नको,” ती म्हणाली. “वर देख. त्यासले तोंड दिसाले पाहिजे.”

मी पाठ करतेय, आप्पा. रविवारपर्यंत होईल पाठ.